खर्च करण्याआधी टाइम स्लिप नीट वाच

परभणीच्या आपल्या मित्राने विचारलंय: २०१९ ची स्विफ्ट, १.२ पेट्रोल, मॅन्युअल, गाडी कंपनीतून आली तशीच. पहिल्यांदाच धावपट्टीवरच्या ड्रॅगमध्ये, म्हणजे थांबलेल्या गाडीतून सरळ रेषेत धावायच्या शर्यतीत उतरला आणि टाइम स्लिपवर, म्हणजे धाव संपल्यावर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर, पाव मैलाला (४०२ मीटर) १८.४ सेकंद आले. पहिल्या ६० फुटांना २.९ सेकंद, शेवटचा वेग ताशी १२४ किलोमीटर, रिअ‍ॅक्शन (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतची वेळ) ०.८. आता कोन फिल्टर (बॉनेटखालचा उघडा एअर फिल्टर), एक्झॉस्ट आणि रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) असा चाळीस-पन्नास हजारांचा बेत आहे, आधी काय करू?

आधी पाकीट खिशात ठेव. तुझं उत्तर तुझ्याच स्लिपवर छापलेलं आहे.

शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो आणि एकूण वेळ सांगते की ती ताकद तू रस्त्यावर कशी उतरवलीस. ८० च्या आसपास हॉर्सपॉवर आणि ड्रायव्हर धरून साडेनऊशे किलोच्या गाडीने शेवटी १२५ च्या जवळपास जायला हवं, आणि तू १२४ ने गेलास. म्हणजे इंजिन ठणठणीत आहे. पण या वेगाला वेळ साडेसतराच्या आसपास शोभते. मग सेकंदभर गेला कुठे? बहुतेक सगळा पहिल्या ६० फुटांत. ही गाडी, हेच टायर, फक्त सुटणं नीट जमलं तर २.९ चे २.५ होतात. आणि सुरुवातीला वाचलेला एक दशांश शेवटाला दीड ते दोन दशांश होऊन मिळतो, कारण तो वाढलेला वेग तू पुढे उरलेलं सगळं अंतर वापरतोस. शंकरपट पाहिला असशीलच. जोडी सुटतानाच बिचकली तर मागून कितीही पळाली तरी घड्याळ ऐकत नाही.

०.८ च्या रिअ‍ॅक्शनचं आत्ता डोक्याला लावून घेऊ नकोस. घड्याळ हिरव्या दिव्यावर सुरू होत नाही, सुरुवातीच्या रेषेवर आडवा प्रकाशकिरण असतो, तुझं पुढचं चाक त्यातून बाहेर पडल्यावर सुरू होतं. समोरच्याला हरवायचं असेल तेव्हा रिअ‍ॅक्शन लागते, स्वतःची वेळ कमी करायला लागत नाही. लाइनवर येताना मात्र एक काळजी घे. दिव्यांच्या खांबावर वरती दोन छोटे दिवे असतात, पहिला रेषा जवळ आल्याचा, दुसरा चाक रेषेवर आल्याचा. दुसरा लागला रे लागला की थांब, इंचभरही पुढे सरकू नकोस. म्हणजे किरण सुटेपर्यंत गाडीला थोडी जागा मिळते आणि घड्याळ सुरू होताना ती हललेली असते. फुकटात मिळणारी वेळ आहे, सोडू नकोस.

आता सुटण्याबद्दल, कारण खरं काम इथेच आहे. स्विफ्टला पुढची चाकं ओढतात. तू जोरात निघालास की वजन मागे जातं आणि ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. म्हणून ४५०० वर रेस करून क्लच एकदम सोडला की टायर किंचाळतात, धूर निघतो, बघणारे खूश होतात आणि गाडी तिथल्या तिथे राहते. याउलट १५०० वर सोडलास की इंजिन दबतं. २५०० च्या आसपास सुरुवात कर. क्लच पकडतो तिथपर्यंत पटकन आण, तिथे क्षणभर घसरू दे आणि मग पूर्ण सोड. अ‍ॅक्सिलरेटर त्याच वेळी खाली जात राहिला पाहिजे. टायर जरासा कुरकुरला पाहिजे, ओरडला नाही पाहिजे. ओरडला तर पुढच्या वेळी २०० आरपीएम कमी, इंजिन दबलं तर २०० जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

टायरमधली हवा पुढे ३३ पीएसआयवरून २८-२९ वर आण, मागे आहे तशीच ठेव. आपल्याकडच्या उन्हात गाडी तासभर उभी राहिली की हवा दोन-तीन पीएसआयने सहज चढते, म्हणून सकाळी भरलेल्या आकड्यावर विसंबू नकोस, लाइनला जाण्याआधी गेज लावून बघ. काळ्या मातीची धूळ टायरच्या खाचांत बसते, ओल्या फडक्याने पुसून घे. लाइनच्या आधी पाणी टाकलेला पट्टा असतो, त्यात जाऊन बर्नआउट (टायर तापवायला चाकं जागेवर फिरवणं) करू नकोस. रोजच्या टायरला खाचा असतात, त्यांत पाणी अडकतं आणि नेमकं सुटताना बाहेर येतं. बाजूने जा, कोरड्यावर एकदा चाक फिरवून घे, पुरे. घरी परत निघताना हवा पुन्हा ३३ कर, हे विसरू नकोस. कमी हवेच्या टायरवर समृद्धीवर १२० ने तासन् तास चालवणं म्हणजे टायर फुटायला निमंत्रण आहे.

सराव कुठे करायचा, हा तुझा खरा प्रश्न असणार. आपल्या मराठवाड्यात ड्रॅग स्ट्रिप नाही. म्हणून पोरं रात्री बायपासवर जातात, आणि त्याबद्दल मी स्पष्ट सांगतो: जाऊ नकोस. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट ही की आपल्या बायपासवर रात्री दिवा नसलेली बैलगाडी असते, उसाची ट्रॉली असते, शेतातून पाणी देऊन घरी निघालेला माणूस असतो. त्यांना तुझ्या शर्यतीची खबर नसते.

आणि तुला बायपासची गरजही नाही. ६० फूट म्हणजे सव्वाअठरा मीटर, आणि ते सगळे पहिल्या गिअरमध्येच संपतात. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचं आवार रिकामं होतं. ओळखीच्या मालकाची परवानगी घे, सरकी आणि धूळ झाडून घे, टेपने १८.३ मीटर मोजून फक्कीने दोन रेघा मार. मित्राला बाजूला, गाडीच्या वाटेपासून लांब उभा करून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दोन्ही रेघा दिसतील असं चित्रण करायला सांग. दुसऱ्या रेघेवर तू चाळीस-पन्नासच्या वेगात असशील, म्हणून पुढे किमान ५०-६० मीटर मोकळी जागा हवी. बेल्ट लाव, हेल्मेट घाल, फाटक बंद ठेव. क्लचचा वास आला की थांबायचं आणि गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची. एक लक्षात ठेव, तिथल्या काँक्रीटवरची वेळ धावपट्टीशी जुळणार नाही. तुला तिथे पायाची सवय लावायची आहे.

गिअरबद्दल थोडक्यात. या इंजिनाची पूर्ण ताकद ६००० ला आहे, म्हणून ५००० ला बदलू नकोस, ६००० पर्यंत ओढ. तिसऱ्यात ६००० ला ही गाडी १२५ च्या आसपास असते, म्हणजे रेषा तिसऱ्यातच पार होते. चौथा टाकत असशील तर तो वेळ फुकट जातो. डिझेल स्विफ्टवाल्यांनी हे वाचून ५००० पर्यंत ओढू नये. त्यांची ताकद ४०००ला संपते, ४३०० च्या आत बदला.

वजन: स्टेपनी, जॅक, मॅट, डिकीतला पसारा काढ, टाकी पाव भरलेली ठेव. ३० किलो कमी झाले तर दीड दशांशाच्या आसपास मिळतात. सीट काढायच्या आधी तुझ्या गटाचे नियम वाच, स्टॉक गटात (कंपनीतून आल्या तशा गाड्यांच्या) सहसा चालत नाही. एसी बंद.

हवेचंही गणित समजून घे. मेमधल्या ४२ अंशांच्या हवेपेक्षा डिसेंबरच्या पहाटेची १२ अंशांची हवा सुमारे १० टक्के दाट असते, आणि बिनटर्बोच्या इंजिनाला तितकाच जास्त श्वास मिळतो. म्हणूनच कोन फिल्टरला माझा विरोध आहे. बॉनेटखालची तापलेली हवा ओढण्यापेक्षा कंपनीचा साफ केलेला फिल्टर बरा. दोन धावांच्या मध्ये बॉनेट उघडून अर्धा तास गाडी थंड होऊ दे. एक्झॉस्टने या इंजिनावर आवाज वाढतो, वेळ हलत नाही. रिमॅपचा फायदाही बिनटर्बोवर थोडकाच. पैसे घालायचेच असतील तर आहे त्याच मापाचे, चांगल्या पकडीचे टायर घे. १७ इंची जड अलॉय नको, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर आधी ते बदल.

स्पर्धा निवडताना एफएमएससीआयची, म्हणजे देशातल्या मोटारस्पोर्टच्या संघटनेची परवानगी आहे का ते बघ. तिथे अँब्युलन्स असते, पुढे थांबायला जागा असते. विम्याचे कागदही काढून वाच, खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यतीतलं नुकसान सहसा धरत नाहीत.

पुढच्या वेळी प्रत्येक धावेच्या स्लिपच्या मागे टायरची हवा, किती आरपीएमवर सुटलास आणि तापमान लिहून ठेव. सगळ्या स्लिपा इथे टाक, ६० फुटांचा आकडा २.६ च्या खाली आला की रिमॅपचं बोलू.