डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर कुठलं टोक कुठे जोडायचं हे पेशीला कसं कळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डीएनए आरपार तुटला तरी पेशी तो जोडते म्हणतात, मग कुठलं टोक कुणाचं हे तिला कळतं कसं, आणि चुकीचं जोडलं गेलं तर? शिवाय वडिलांचे दोन सीटी स्कॅन झालेत, त्याची काळजी. मी पेशीजीवशास्त्रातला आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली नेमकी ही तुटलेली ठिकाणं मोजण्यात माझा बराच वेळ गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा पेशीला ते कळत नाही. हाताशी सापडतील ती दोन टोकं ती जोडून टाकते. ती बहुधा एकमेकांचीच निघतात, कारण तुटल्यावर ती लांब जातच नाहीत.

एकच धागा तुटला तर फारसा प्रश्न नसतो. समोरचा धागा शाबूत असतो, डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए समोर टी आणि जी समोर सी हा नियम ठरलेला असतो, त्यावरून रिकामी जागा भरून निघते. अशी किरकोळ डागडुजी प्रत्येक पेशीत रोज हजारो वेळा चालते. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि सान्जार यांना मिळालं ते डीएनए दुरुस्तीसाठीच, पण या एकाच धाग्यावरच्या दुरुस्त्यांसाठी. दोन्ही धागे एकाच जागी तुटतात तेव्हा समोर बघायला काही उरत नाही. विभाजन होणाऱ्या एकेका पेशीत असे तुकडे, म्हणजे दोन्ही धागे एकदम तुटण्याचे प्रसंग, दिवसाला दहा ते पन्नास पडत असावेत असा अंदाज आहे. तेही कुठलं रेडिएशन न घेता, निव्वळ पेशीच्या रोजच्या कामकाजातून.

अशा तुटलेल्या टोकावर पहिल्यांदा येऊन बसतं ते कु नावाचं प्रथिन. अंगठीसारखं असतं, टोकावरून आत सरकतं. पेशीत ते लाखोंच्या संख्येनं असतं, त्यामुळे यायला वेळ लागत नाही. टोकावर कुठली अक्षरं आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टोक आहे एवढं पुरतं. त्याच्या पाठोपाठ आणखी काही प्रथिनं येतात, दोन्ही टोकं एकमेकांजवळ धरून ठेवतात, फाटकेतुटके कोपरे छाटतात, आणि लायगेज-४ हे एन्झाइम शेवटचा टाका घालतं. छाटाछाटीत दोन-चार अक्षरं जाऊ शकतात किंवा एखाद-दुसरं वाढू शकतं. आपल्या जीनोमचा फार मोठा भाग प्रथिनं तयार करण्याच्या कामाचा नाही, त्यामुळे अशा खाडाखोडीचा बहुतेकदा परिणाम जाणवत नाही.

टोकं लांब जात नाहीत ती कशामुळे? दोन मीटर डीएनए काही मायक्रॉनच्या केंद्रकात नुसता कोंबलेला नसतो, प्रथिनांभोवती गुंडाळून जागोजागी धरून ठेवलेला असतो. गोधडीतला एखादा धागा तुटला तरी आजूबाजूचे टाके त्याला जागेवर ठेवतात, तसंच. कितीतरी तास तुटलेली टोकं जवळपास त्याच जागी दिसतात.

‘दिसतात’ हे मी अक्षरशः म्हणतोय. तुकडा पडल्यावर मिनिटाभरातच एटीएम नावाचं एन्झाइम जागं होतं आणि आजूबाजूच्या लाखो अक्षरजोड्यांपर्यंत हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, फॉस्फेटच्या खुणा लावत जातं. या खुणेला चिकटणारी, चमकणारी प्रतिपिंडं वापरली की सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या केंद्रकात हिरवा किंवा लाल ठिपका दिसतो. ही खूण १९९८ साली सापडली आणि आमच्या क्षेत्रातल्या अर्ध्या प्रयोगांची सोय झाली. पेशींना एक ग्रे (शोषलेल्या रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक) एक्स-रे दिले तर दर केंद्रकात तीस-चाळीस ठिपके उमटतात. काही तासांत बहुतेक विझतात, दुसऱ्या दिवशी मोजके उरतात. ते उरलेलेच खरे त्रासाचे.

इथे एक पोटप्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. आपल्या ४६ गुणसूत्रांना ९२ नैसर्गिक टोकं आहेत. कु ती का जोडत नाही? कारण त्या टोकांवर टेलोमेअर, म्हणजे त्याच त्या अक्षरांची पुनरावृत्ती असलेले डीएनएचे पट्टे, असतात आणि त्यांच्यावर प्रथिनांचं एक टोपण बसलेलं असतं, जे ‘हे तुटलेलं नाही’ असं भासवतं. हे टोपण काढून टाकलं की पेशी खरोखरच गुणसूत्रं एकमेकांना जोडत सुटते. अशी जोडलेली गुणसूत्रं विभाजनाच्या वेळी दोन्हीकडून ओढली जातात, पुन्हा तुटतात, पुन्हा जुळतात. हे चक्र बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या पेशींत बघून ठेवलं होतं, डीएनएची रचना कळायच्या कितीतरी आधी. त्यांचं नोबेल वेगळ्याच शोधासाठी होतं. मला विचाराल तर हेही त्याच तोडीचं काम.

आता चुकीची जोडणी. एका वेळी एकच तुकडा पडला तर गफलतीला वाव कमी. दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर एकदम पडला आणि ती शेजारी असली, तर चार टोकं समोर येतात आणि कु कुणाची जात विचारत नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग असाच सुरू होतो. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जोडले जातात. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्ड यांना रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा लहान गुणसूत्र दिसलं, आणि ते दुसऱ्या गुणसूत्राशी झालेल्या अदलाबदलीतून आलंय हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. त्या जोडाच्या जागी तयार होणारं विकृत प्रथिन बंद पाडणारं इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

मग पेशीला अचूक जोडता येतच नाही का? येतं, पण जवळ प्रत असेल तरच. विभाजनाआधी पेशी सगळ्या डीएनएची नक्कल करते, आणि तेव्हापासून विभाजन होईपर्यंत प्रत्येक गुणसूत्राची जुळी प्रत शेजारीच बांधलेली असते. तेवढ्या काळात दुसरा मार्ग खुला होतो. त्यात टोकं लगेच जोडली जात नाहीत, उलट प्रत्येक टोकाचा एक धागा मुद्दाम कुरतडून दुसरा उघडा केला जातो. त्या उघड्या धाग्यावर ब्राका-२ हे प्रथिन रॅड-५१ या दुसऱ्या प्रथिनाची रांग बसवतं. ही रांग जुळ्या प्रतीत जाऊन आपल्याशी जुळणारा भाग शोधते आणि तिथून हरवलेला मजकूर उतरवून घेते. टोक एकदा कुरतडलं गेलं की कुला तिथे नीट बसता येत नाही, म्हणजे कुरतडायचं की नाही यावरच पुढचं सगळं ठरतं. एक प्रथिन कुरतडण्याला अडवतं, ब्राका-१ तो अडसर दूर करतं. नक्कल होण्याआधी मात्र कुरतडण्याची यंत्रणाच थंड असते. मेंदूतल्या किंवा हृदयातल्या विभाजन थांबलेल्या पेशींना तर ही सोय जवळजवळ कधीच मिळत नाही. त्यांना आयुष्यभर कुवरच भागवावं लागतं.

ब्राका ही नावं तुम्ही स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात ऐकली असतील. ही प्रथिनं बनवणाऱ्या दोनपैकी एखाद्या जनुकाची एक प्रत बिघडलेली घेऊन जन्मलेल्या बाईच्या एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की त्या पेशीचा अचूक मार्ग बंद पडतो, आणि चुका साठत जातात. गंमत म्हणजे उपचारही याच दुबळेपणावर उभा आहे. पार्प हे एन्झाइम एका धाग्याच्या दुरुस्तीला मदत करतं. ओलापॅरिबसारख्या औषधानं ते डीएनएवरच अडकून बसतं, आणि नक्कल करणारी यंत्रणा त्यावर आदळून दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशी ब्राकाच्या मार्गानं निभावून नेते. कर्करोगाच्या पेशीकडे तो मार्ग नसतो, ती मरते. ही कल्पना २००५ मध्ये मांडली गेली आणि २०१४ च्या डिसेंबरात औषध अमेरिकेत मंजूर झालं.

कुच्या ढिसाळपणाला नावं ठेवण्याआधी एक लक्षात घ्या. आपली प्रतिकारशक्ती त्यावरच चालते. बी आणि टी पेशी घडताना रॅग नावाचं एन्झाइम त्यांचा डीएनए मुद्दाम तोडतं. जोडताना वेगवेगळे तुकडे एकत्र येतात, शिवाय एक एन्झाइम मधे कशावरूनही न बघता मनाला येईल ती अक्षरं घुसडतं. कधी न पाहिलेल्या जंतूला ओळखणारी प्रतिपिंडं यातूनच निर्माण होतात. या जोडणीसाठी लागणारं आर्टेमिस हे प्रथिन ज्या बाळांमध्ये नसतं त्यांच्याकडे बी आणि टी पेशीच नसतात, आणि साधा संसर्गही जिवावर बेततो.

विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, तिथल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये मंजूर झालेल्या सिकलसेलच्या क्रिस्पर (डीएनए ठरावीक जागी कापायचं तंत्र) उपचारात सदोष जनुक दुरुस्त करत नाहीत. रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशींमध्ये, गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणाऱ्या बटणाच्या जागी डीएनए कापतात आणि सोडून देतात. पुढचं काम पेशी स्वतः करते. घाईत जोडताना ती जागा बिघडते, बटण निकामी होतं आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. किंमत अमेरिकेत वीस लाख डॉलरच्या वर आहे, त्यामुळे गडचिरोलीच्या रुग्णाला आज त्याचा उपयोग शून्य.

आता वडिलांचे स्कॅन. वरचाच हिशेब पुढे नेऊ. एका ग्रेला तीस-चाळीस तुकडे, आणि छातीच्या सीटीत उतींना साधारण दहा मिलिग्रे (ग्रेचा शंभरावा भाग) धरले, तर तीन पेशींमागे एक जादा तुकडा होतो. रोजच्या दहा-पन्नासांपुढे हे किती, ते तुम्हीच बघा. फक्त रेडिएशनचे काही तुकडे जवळजवळ पडलेले आणि जास्त किचकट असतात, म्हणून आकड्यांची ही तुलना अगदी तंतोतंत धरू नका. जर्मनीत २००५ मध्ये सीटी काढलेल्या रुग्णांच्या रक्तात हे ठिपके प्रत्यक्ष मोजले गेले. स्कॅननंतर लगेच वाढले, दिवसाभरात जवळपास मूळ पातळीला आले. एका रुग्णात मात्र ते नीट उतरले नाहीत, आणि त्याला पूर्वी रेडिओथेरपीची फार तीव्र प्रतिक्रिया आली होती. वडिलांना असं काही झालेलं असेल तर पुढच्या स्कॅनआधी डॉक्टरांना जरूर सांगा. नसेल, आणि डॉक्टरांनी सीटी कारणानं सांगितलं असेल, तर काढून घ्या.