गांधीलमाशी डसल्यावर घरातली ॲव्हिलची गोळी पुरेशी असते का?

तुमचा प्रश्न असा आहे, की वाळवा तालुक्यात मळ्यातल्या वस्तीवर राहताना माशी, विंचू किंवा साप यांपैकी काय चावले हे कसे ओळखावे, आणि दवाखाना लांब असल्यामुळे घरात ठेवलेली ॲव्हिलची, म्हणजे ॲलर्जीवरची, गोळी तोवर पुरते का. साप आणि विंचू यांच्याविषयी पुढे थोडक्यात लिहिते, पण गोळीचा उल्लेख वाचल्यावर मला राहवले नाही. गोळी पुरत नाही. डंखाच्या जागेची खाज आणि सूज यांच्यासाठी ती ठीक आहे, पण ज्या प्रतिक्रियेने माणूस दगावतो तिच्यावर ॲव्हिल हा उपचारच नव्हे, आणि 'गोळी दिली आहे, आता बघू' असे म्हणून घालवलेली वीस मिनिटे पुन्हा मिळत नाहीत.

मी सातारा जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात २६ वर्षे अधिपरिचारिका होते. माहेर सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात आहे. २०११ साली गौरी-गणपतीसाठी रजा काढून मी माहेरी आले होते. गौरी जेवणाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझे थोरले दादा मोटार चालू करायला विहिरीवर गेले. पावसामुळे स्टार्टरची पेटी पंधरा दिवस कोणी उघडली नव्हती, आणि झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी वाटीएवढे पोळे केले होते. झाकण ओढताच एक माशी मानेवर आणि दुसरी मनगटावर डसली. आदल्या वर्षी एकच माशी डसली होती तेव्हा त्यांचा हात खांद्यापर्यंत सुजला होता, तीन दिवसांनी सूज उतरली, आणि 'गांधीलमाशी त्यांच्या अंगाला मानवत नाही' एवढे बोलून घरातले सगळे ती गोष्ट विसरून गेले होते. मागच्या वेळी निभावले म्हणून या वेळीही निभावेल, असा हिशेब इथे चालत नाही, कारण आधीच्या डंखानेच शरीर त्या विषाला बिथरलेले असू शकते. शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिले, की विषाची पहिली मात्रा पचवलेला प्राणी काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी थोड्या मात्रेने काही मिनिटांत मरतो. अशा जीवघेण्या ॲलर्जीसाठी 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द त्यानेच १९०२ मध्ये रूढ केला.

दादा चालत घरी आले, ओसरीवर बसले, आणि पहिली तक्रार त्यांनी केली ती तळहात आणि तळपाय यांना खाज सुटल्याची. डंख मानेला आणि मनगटाला होता, खाज मात्र तळपायांना होती. पाठोपाठ पोटात कळ आली, परसाकडे जावेसे वाटू लागले आणि दोन उलट्या झाल्या. वहिनी म्हणाल्या, उपाशीपोटी उन्हातून आल्यामुळे पित्त झाले असेल. अंगावर गांधी उठल्या नव्हत्या, ओठ सुजले नव्हते, त्यामुळे त्यांचे म्हणणे सगळ्यांना पटले. मला मात्र दादांचा आवाज ऐकून धस्स झाले. तोंडात गरम घास धरून बोलावे तसा तो जड झाला होता, आणि कपाळावर थंड घाम होता. अंगावर पुरळ नाही म्हणून ॲलर्जी नाही, हा समज अनेक डॉक्टरांचाही असतो, आणि तो चुकीचा आहे. तुम्हाला ओळखण्याची एकच खूण लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, की माशीच्या डंखाच्या जागेपासून दूर काहीही होऊ लागले, म्हणजे सर्वांगाला खाज, आवाजात बदल, धाप, उलट्या, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी, तर ते साधे 'माशी चावली' राहिलेले नाही.

१०८ ची रुग्णवाहिका तेव्हा महाराष्ट्रात सुरू झालेली नव्हती. पुतण्याच्या मोटारसायकलवर दादांना मधे बसवून मी मागे बसले. ही माझी चूक होती आणि ती मी कोणापासून लपवत नाही. रक्तदाब कोसळत असलेल्या माणसाला उभे करणे किंवा सरळ बसवणे म्हणजे हृदयाकडे येणारे रक्त आणखी तोडणे, हे मला ठाऊक असायला हवे होते आणि ठाऊक होतेही. मैलभर गेल्यावर दादांची मान पुतण्याच्या पाठीवर पडली. आम्ही त्यांना रस्त्याच्या कडेला आडवे केले, पाय उचलून धरले, आणि दोन-तीन मिनिटांत त्यांनी डोळे उघडले. नशिबाने डेअरीचा रिकामा टेम्पो परत येत होता. त्याच्या हौद्यात आम्ही त्यांना उताणे झोपवले आणि दोन्ही टाचा दुधाच्या आडव्या केलेल्या कॅनवर ठेवल्या. तशा अवस्थेत ते दवाखान्यापर्यंत शुद्धीवर राहिले.

दवाखाना खासगी होता. तिथल्या डॉक्टरांनी तत्परतेने शीर धरली, ॲव्हिल दिले, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले, सलाईन लावले. रक्तदाब वरचा ६०, तोही नाडीवर बोट ठेवून काढलेला. घड्याळात ११ वाजून ५० मिनिटे झाली होती. मी म्हटले, "सर, ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन द्या, अर्धा मिलिलीटर, मांडीत." ते म्हणाले, "सिस्टर, यांचे वय ५८, बीपीची गोळी चालू आहे. हृदय बंद पडले तर जबाबदार कोण?" मी गप्प बसले नाही. आमच्या रुग्णालयात सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाला लस लावताना ट्रेमध्ये ॲड्रिनॅलिन भरलेली सिरिंज आधी ठेवली जात असे, कारण ती लस घोड्याच्या रक्तापासून बनते आणि तिचीच तीव्र ॲलर्जी येऊ शकते. लसीची पावडर पाण्यात विरघळवताना कुपी हलवायची नाही, फेस होतो, म्हणून दोन तळहातांमध्ये ती हळूहळू फिरवत राहायचे, आणि डोळा मात्र त्या भरलेल्या सिरिंजवर ठेवायचा, असे माझे कितीतरी पावसाळे गेले. साठी उलटलेल्या शेतकऱ्यांना ते इंजेक्शन मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिले होते आणि त्यांना पुन्हा श्वास घेताना पाहिले होते. हे सगळे मी त्या डॉक्टरांना सांगितले, पण परक्या दवाखान्यात परिचारिकेच्या शब्दाला किती वजन असते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

वीस मिनिटे गेली. दादांच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि नखे निळसर दिसू लागली. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच फ्रीजवरच्या डब्यातून ॲम्प्यूल काढून फोडली आणि १२ वाजून १० मिनिटांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ०.५ मिलिलीटर दिले. १२ वाजून १५ मिनिटांनी वरचा रक्तदाब ९० होता. १२ वाजून १८ मिनिटांनी दुसरी मात्रा दिली, आणि साडेबाराला दादांनी स्पष्ट आवाजात विचारले, की गौरीचा नैवेद्य झाला का. हात थरथरत होते आणि छातीत धडधडत होते. तो औषधाचा अपेक्षित परिणाम असतो आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. संध्याकाळी सातला, ॲव्हिलची दुसरी मात्रा देऊन अर्धा तास झाला असताना, पुन्हा धाप लागली आणि या वेळी पोटावर गांधी उठल्या. पुन्हा ॲड्रिनॅलिन दिले आणि पुन्हा पाच-सात मिनिटांत उतार पडला. अशी दुसरी लाट येऊ शकते, म्हणूनच बरे वाटले तरी रुग्णाला लगेच घरी नेऊ नये, काही तास आणि गंभीर प्रकरणात रात्रभर देखरेखीखाली ठेवावे.

आता ज्या वादासाठी मी वेळांसह हे लिहिले तो वाद. आमचे दाजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, औषधांचे दुकान चालवतात आणि मनाने अत्यंत चांगले गृहस्थ आहेत. परंतु गेली कितीतरी वर्षे प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक सणाला ते हेच सांगतात, की दादांना गुण आला तो ॲव्हिलनेच, औषध अंगात भिनायला वीस मिनिटे लागली इतकेच. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून वस्तीवरचे लोक पट्टीच्या पट्टी घेऊन जातात. दाजी, केसपेपरची झेरॉक्स माझ्याकडे आहे. ११.५० ला शिरेतून दिलेल्या औषधाने वीस मिनिटांत रक्तदाब एका अंकानेही वाढला नाही आणि श्वास बिघडत गेला. स्नायूतून दिलेल्या अर्ध्या मिलिलीटरने पाच मिनिटांत तो तीसने वाढला. संध्याकाळी तर ॲव्हिल अंगात असतानाच त्रास उलटला. ॲव्हिल शरीरातील हिस्टामिनचा मार्ग अडवते आणि खाज थांबवते, पण ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळत नाही, सुजलेला घसा मोकळा करत नाही, आक्रसलेल्या श्वासनलिका उघडत नाही. उलट शिरेतून भरभर दिले तर रक्तदाब आणखी उतरवू शकते. स्टेरॉइडला काम करायलाच काही तास लागतात. रक्तवाहिन्या, घसा आणि श्वासनलिका यांची ही तिन्ही कामे एकदम आणि मिनिटांत करणारे औषध एकच आहे, ते म्हणजे ॲड्रिनॅलिन. गोळी तर पोटातून रक्तात उतरायलाच अर्धा-पाऊण तास घेते, आणि डंखाच्या तीव्र ॲलर्जीत हृदय बंद पडते ते बहुधा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांच्या आसपास. लहान बाळांच्या लसीकरणाच्या सत्रातही नर्सताईंच्या पेटीत ॲड्रिनॅलिन असते. ते इतके घातक असते तर तिथे ठेवले असते का?

साप आणि विंचू यांच्याबाबत मात्र वरची खूण लावू नका, कारण तिथे अंगभर दिसणारी लक्षणे विषाची असतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, वेदना जवळजवळ नसते, आणि पहाटे पोटात दुखून पापण्या जड होऊ लागतात. घोणस उसात आणि गवतात भेटते. तिच्या दंशाने खूप सूज व वेदना येते आणि रक्त गोठेनासे होते, म्हणून रुग्णालयात काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवून पाहतात. नागाच्या दंशात सूज आणि पापण्या मिटणे दोन्ही दिसते, फुरसे घोणशीप्रमाणे रक्त बिघडवते. साप पकडत किंवा शोधत बसू नका, करकचून दोरी बांधू नका, कापू किंवा चोखू नका. हात-पाय न हलवता लस असलेल्या रुग्णालयात न्या. मुलालाही लस मोठ्यांइतकीच लागते, कारण सापाने विष वय पाहून कमी सोडलेले नसते.

विंचवाविषयी महत्त्वाचे हे, की लाल विंचवाच्या विषाने शरीरात आधीच ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, नंतर धाप आणि तोंडाला फेस, अशी लक्षणे दिसतात. अशा रुग्णाला माशीची ॲलर्जी समजून ॲड्रिनॅलिन दिले तर अपाय होईल. त्यावर प्राझोसिन नावाची गोळी देतात, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिच्या वापराने कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू कसे कमी केले हे आता वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. म्हणून चावले ते पाहिले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

इतके लिहिल्यावर सांगणे आवश्यक आहे, की प्रत्येक डंखाला ॲड्रिनॅलिन लागत नाही. केवळ जागेवर कितीही सूज आली तरी ते देत नाहीत, आणि प्रशिक्षण नसताना घरच्या माणसाने ॲम्प्यूल फोडून शिरेत काही टोचणे तर सर्वस्वी चूक आहे. मधमाशी असेल तर तिची नांगी कातडीत राहते आणि विष सोडत असते, ती नखाने ताबडतोब काढा. गांधीलमाशी नांगी ठेवत नाही. आग्यामोहोळ उठून शेकडो माश्या डसल्या असतील तर ॲलर्जी नसतानाही मूत्रपिंडाला धोका असतो, तेव्हा घरी थांबू नका. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ॲड्रिनॅलिनचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून ती पट्टी बरोबर न्या.

घरात काय ठेवावे याचे माझे उत्तर तुम्हाला अपुरे वाटेल. खाजेसाठी गोळी ठेवा, चांगली बॅटरी ठेवा, आणि सर्पदंशाची लस व प्राणवायू असलेले जवळचे रुग्णालय कोणते हे आजच चौकशी करून भिंतीवर लिहा. ज्यांना एकदा तीव्र प्रतिक्रिया आली आहे त्यांनी ॲड्रिनॅलिन जवळ ठेवण्याविषयी आणि ते मांडीत देण्याचे प्रशिक्षण घरातल्या एकाला मिळण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. द्रावण उन्हापासून जपावे लागते आणि तपकिरी झाले की टाकून द्यावे लागते. दादांच्या खिशात, आधारकार्डाच्या मागे, मी लॅमिनेट करून दिलेली चिठ्ठी असते. तुमच्या घरात कोणाला तसा त्रास झाला असेल तर नाव घालून उतरवून घ्या: "मला गांधीलमाशीच्या डंखाने २०११ मध्ये ॲनाफिलॅक्सिस झाला आहे. अंगावर पुरळ दिसत नसले तरी मला आडवे ठेवावे, बसवू नये. प्रथम ॲड्रिनॅलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यावे, पाच मिनिटांत उतार नसल्यास पुन्हा द्यावे. ॲव्हिल त्यानंतर."