बंद घरातले उंदीर

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचे जुने, जांभ्याचे कौलारू घर आहे. ते मे महिन्यात आणि गणपतीतच उघडते. दर वेळी गाद्या कुरतडलेल्या आणि माळ्यावर लेंड्या. निघताना विषाच्या वड्या टाकतो, तरी फरक नाही.

उत्तर : बंद घरात विष ठेवूच नका. ब्रोमॅडिओलोन या उंदीरविषाची वडी खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, बहुधा माळ्यावरच्या अडचणीत. घरभर दुर्गंधी सुटते आणि वाट उघडी असली की त्याच्या जागी दुसरा येतो.

आधी लेंड्या पाहा. तांदळाएवढ्या असतील तर घरातला छोटा उंदीर, अर्ध्या इंचाच्या असतील तर माडावरून उतरणारा मोठा. छोट्याला ६ मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल आत गेली की तोही गेला समजा. लांब नाकाची, भिंतीकडेने चिरचिरत पळणारी चिचुंद्री दिसली तर तिला राहू द्या, ती झुरळे खाते.

कौलारू घरात खरी वाट भिंतीच्या माथ्यावर, दोन वाशांच्या मधे असते. तिथे सिमेंट भरू नका, हवा कोंडून वाशांची टोके कुजतात. ६ मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी गाळ्यागाळ्याच्या मापाने कापून ठोका. नायलॉनची जाळी ते कुरतडतात. पाइपाभोवतीच्या भोकात स्टेनलेस स्टीलची घासणी ठासून वरून सिमेंट लिंपा. साधी लोखंडी घासणी कोकणच्या दमटीत गंजून झडते. मोरीच्या तोंडाला जाळी आणि दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी हवी.

कौलांवर टेकलेल्या झावळ्या आणि फांद्या दोन मीटर मागे छाटा. माडाच्या खोडाला जमिनीपासून दोन मीटरवर फूटभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा. शेजारच्या माडाच्या झावळ्या या माडाच्या झावळ्यांत गुंतलेल्या असतील तर मात्र पत्रा फुकट.

आत उरलेल्यांसाठी चाप लावा. तो भिंतीला काटकोनात, आमिषाचे टोक भिंतीकडे करून, लेंड्यांच्या वाटेवर दर दोन-तीन मीटरला एक ठेवा. आमिष वाटाण्याएवढेच, भाजलेले खोबरे किंवा सुकट, दोऱ्याने बांधून. मोठा तुकडा ठेवला की ते कडेने खाऊन निसटतात. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री चाप न ताणता नुसते आमिष ठेवा. निघण्यापूर्वी सगळे चाप उचला आणि गाद्या पत्र्याच्या पेटीत भरा.

प्रश्न : घर उघडल्यावर लेंड्या झाडून काढल्या तर चालेल?

उत्तर : सुक्या झाडू नका, धूळ नाकात जाते. दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा. मास्क आणि रबरी हातमोजे घालून एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी लेंड्यांवर शिंपडा, दहा मिनिटांनी कागदाने टिपून घ्या. पायाला भेगा किंवा जखम असेल तर चप्पल घालूनच वावरा. उंदराच्या मुताने ओल्या झालेल्या जमिनीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होऊ शकतो. नंतर ताप आणि पोटऱ्या दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना उंदरांचे घर साफ केल्याचे आधी सांगा.