गंजलेल्या गाडीसाठी मुदत ठेव मोडावी का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांच्या जुन्या गाडीच्या दारांचे खालचे काठ आणि मागच्या चाकांवरच्या कमानी गंजल्यात. सगळ्या बॉडीचं काम करून नवा रंग द्यायला कारागिराने तुमच्या पाच पगारांइतकी रक्कम सांगितली. जवळ आहे ती फक्त सहा महिने घर चालेल एवढी मुदत ठेव. मोडू का?

नका मोडू. ती ठेव आजारपणासाठी, नोकरी गेली तर त्यासाठी आहे. ‘गाडीची किंमत वाढेल’ हा हिशेबही मनातून काढा. बॉडीवर घातलेला पैसा विकताना क्वचितच पूर्ण सुटतो. हा खर्च तुम्ही वडिलांच्या गाडीवरच्या मायेपोटी करताय. तो जरूर करा, पण त्याला गुंतवणूक म्हणू नका.

नुसतं थांबूनही चालणार नाही. रंगावरचा फोड बहुतेक वेळा आतून आलेला असतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात; ती मातीने बुजली की पाणी आत साचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग उचलला जातो. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्यामुळे फोड दिसेपर्यंत खाली चाळणी झालेली असू शकते. वरवर पाहून सांगितलेला आकडा म्हणूनच मी कधी अंतिम धरत नाही.

आधी फक्त तपासणी करून घ्या, तिचे पैसे वेगळे द्या. लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे तो नीट धरत नाही, तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असणार. दारांखालच्या आडव्या पेट्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत वाजलं तर पत्रा शाबूत, बद्द वाजलं तर संशय घ्या. वेगळी चासी (बॉडीखालचा सांगाडा) नसलेल्या गाडीत या पेट्या भार पेलतात, त्यामुळे पहिला पैसा इथेच जायला हवा. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा आणि आत मेणाची फवारणी करायची. गंजावर लांबी थापून रंगवलं तर खाली सडणं चालूच राहतं आणि तेच काम पुन्हा करावं लागतं.

रंगाचं काम पुढे ढकला, पण उघडा पत्रा इपॉक्सी प्रायमरखाली (रंगाआधीचा, ओल अडवणारा थर) गेलाच पाहिजे. साधा प्रायमर ओल शोषतो. दरमहा बचतीतून वेगळी रक्कम काढा, सांगितलेल्या आकड्याच्या दीडपट धरून. कर्ज नको. कारागिराला टप्प्याटप्प्याने द्या, आणि वेल्डिंगनंतरचा हप्ता प्रायमर लागण्याआधी स्वतः पत्रा पाहूनच.

दारांची ती भोकं मात्र आजच तारेने मोकळी करा.