बाग-सल्ला: पाण्याबरोबर सेंद्रिय खत देताना

प्रश्न: कुंड्यांना ठिबक आहे. शेंगदाणा पेंडीचे पाणी कापडातून गाळून टाकीत मिसळत होतो, तरी निम्मे ड्रिपर बंद पडले. असे का?

उत्तर: कापड चोथा अडवते, विरघळलेली साखर आणि प्रथिने मात्र नळीत जातातच. पाणी बंद झाले की त्यांवर जिवाणू वाढतात आणि आतून बुळबुळीत थर धरतो. ड्रिपर चोंदतात ते बहुधा या थराने. म्हणून टाकीत नेहमी साधेच पाणी ठेवा. खत व्हेंचुरीने (पाण्याच्या वेगाने द्रावण ओढून घेणारा, मध्ये निमुळता जोड) मुख्य नळीत सोडा आणि त्याच्या पुढे 120 मेशचा (इंचाला 120 छिद्रे इतका बारीक), शक्यतो डिस्कचा म्हणजे खाचांच्या चकत्यांचा फिल्टर लावा. आधी 5 मिनिटे साधे पाणी, मग खत, आणि शेवटी पुन्हा साधे पाणी, अगदी टोकाच्या ड्रिपरमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत. हा शेवटचा टप्पा कधीच टाळू नका. मात्र कुंडीच्या तळातून पाणी वाहू लागेल इतका वेळही तो लांबवू नका, नाहीतर दिलेले खत धुऊन जाते. पंधरा दिवसांनी एकदा लॅटरलचे (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळीचे) टोक उघडून जोरात पाणी सोडा. बंद पडलेले ड्रिपर उघडणारे असतील तर गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासा, नसतील तर बदला.

खरे तर पेंड ठिबकमधून देऊच नये, असे आमचे ठाम मत आहे. 100 ग्रॅम पेंड 1 लिटर पाण्यात 3-4 दिवस भिजवा, रोज ढवळा, दसपट पाणी घालून झारीने द्या. ठिबकसाठी गाळलेला समुद्रशेवाळाचा अर्क बरा. पण त्यात नत्र अगदी कमी असते, त्यामुळे तो पेंडीची जागा घेत नाही.

प्रश्न: नळाला जोडलेला खत ओढणारा सायफन बादलीतले द्रावण ओढतच नाही.

उत्तर: पुढची नळी फार लांब असेल किंवा तिच्या तोंडाला बारीक फवारा लावला असेल, तर उलटा दाब वाढून ओढ थांबते. फवारा काढा, नळी 15 मीटरच्या आत ठेवा. नळ पूर्ण उघडा. बादलीतल्या नळीची जाळी चोंदली आहे का, तेही पाहा.

ओढ सुरू झाली की प्रमाण मोजा. बादलीत साधे पाणी घेऊन 1 लिटर कमी होईपर्यंत नळीतून किती लिटर बाहेर येते ते पाहा. समजा 16 लिटर आले आणि झाडांना लिटरमागे 3 मिलि अर्क द्यायचा आहे, तर बादलीत लिटरमागे 48 मिलि घाला. नळी किंवा तोंड बदलले की पुन्हा मोजा.

नळ आणि सायफन यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) हवाच. वरून पाणी अचानक गेले तर बादलीतले द्रावण घराच्या पिण्याच्या नळात ओढले जाऊ शकते.

प्रश्न: पाणी घालून पातळ केलेले द्रावण आठवडाभर ठेवले तर चालेल का?

उत्तर: नाही. ते आंबते, आतला प्राणवायू संपतो, कुजका वास येतो. त्याच दिवशी संपवा. न मिसळलेला बाटलीतला अर्क मात्र झाकण घट्ट लावून सावलीत टिकतो.