परराज्यातून वर्षाच्या मधेच आलेल्या मुलांना वर्गात कसं सामावून घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमआयडीसीलगतची जिल्हा परिषद शाळा, चौथीचा वर्ग, दिवाळीनंतर तीन मुलं आली. दोन बिहारची, एक विजापूरकडची. कागद नाहीत, तिघंही तोंड उघडत नाहीत, आणि मुख्याध्यापक म्हणतात, "दुसरीत बसवा, तेवढंच झेपेल." मी पुणे जिल्ह्यातल्या अशाच पट्ट्यात शिकवते. आमच्याकडे घरी मराठी बोलणारी मुलंच आता कमी आहेत, त्यामुळे या वाटेवरचे खड्डे ओळखीचे आहेत.

आधी दुसरीचं बघू. बसवू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ४ प्रमाणे मूल वयानुरूप वर्गात जातं आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला त्याला विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. दहा वर्षांच्या पोराला सात वर्षांच्यांत कोंबलं, तर तो आठवड्याभरात कंटाळतो, मग लाजतो, मग वडिलांबरोबर साइटवर दिसायला लागतो. जन्मदाखला नाही म्हणून (कलम १४), उशिरा आला म्हणून (कलम १५) किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून (कलम ५) प्रवेश अडवता येत नाही. हे मुख्याध्यापकांना ठाऊक असतंच. त्यांची खरी धास्ती वेगळी असते: आधार वैध नसलेलं मूल संचमान्यतेत (पटसंख्येवरून शाळेला शिक्षकपदं मंजूर होतात त्यात) धरलं जात नाही, म्हणजे शिकवायचं आपण आणि पटावर मात्र शून्य. ही तक्रार रास्त आहे. पण तिचा राग मुलावर काढण्यापेक्षा पालकांना एका सुट्टीच्या दिवशी आधार केंद्रावर पाठवा, आणि मूल आधी शाळेत जात होतं का ते विचारा. जात असेल तर यूडायसवर, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, त्याचा पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) असतो. जुन्या शाळेला फोन लावून नाव मोकळं करून घ्यायचं. बिहारमधल्या गुरुजींना फोन करायला लोक उगाच बिचकतात. माणसं नीट बोलतात, फक्त शाळेच्या वेळेत करा.

आता गप्प बसण्याचं. त्याची काळजी करू नका, आणि "बोल ना, बोल ना" करून मागेही लागू नका. नवी भाषा कानावर पडताना मुलं बराच काळ नुसती ऐकतात. तोवर मान हलवून, बोट दाखवून, चित्र काढून देता येतील अशी उत्तरं मागा. मधल्या सुट्टीत लंगडी, लगोरी, कबड्डी चालू असेल तर त्यात नाव घालून द्या. तिथे 'आउट', 'माझ्यावर राज्य', 'परत घे' हे सगळं मराठी फुकटात येतं. विजापूरच्या मुलाला वर्गात कन्नड बोलणारं कोणी नसेल तर पाचवी-सहावीतलं शोधा. आमच्या भागात बांधकामावर विजापूर-गुलबर्ग्याची कुटुंबं इतकी आहेत की एखादी थोरली ताई सापडतेच.

माझा खरा मुद्दा यापुढचा आहे. चार-सहा महिन्यांत ही मुलं फाडफाड मराठी बोलायला लागतात. भांडतात, चहाड्या करतात, "बाई, ह्याने माझं पेन घेतलं" म्हणतात. आणि आपण सुस्कारा सोडतो की झालं, रुळला. तिथेच त्याचा हात सुटतो. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. बोलणं दोनेक वर्षांत जमतं, पुस्तकाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे हे गणिताच्या तासाला उघडं पडतं.

आमच्या वर्गातलं उदाहरण देते. मुलगा उत्तर प्रदेशचा, उभी मांडणी करून दिली की हातच्याची वजाबाकी बिनचूक करतो. शाब्दिक उदाहरण होतं: "रमाकडे ३५ पेरू होते. त्यांपैकी १२ विकले. किती उरले?" पठ्ठ्याने उत्तर लिहिलं, ४७. पेरू त्याला कळले, रमा कळली. 'त्यांपैकी' आणि 'उरले' कळलं नाही, मग दिसले ते आकडे त्याने मिळवून टाकले. अशी अडवणारी वीस-पंचवीसच पदं असतात: पैकी, पेक्षा, प्रत्येकी, एकूण, शिल्लक, दुप्पट, खालीलपैकी, कारण सांगा, फरक लिहा. आपण शब्दपट्ट्या करतो त्या आंबा, घर, नदी यांच्या. त्यांची गरज नसते, ते शब्द मैदानावर येतात. भिंतीवर 'पैकी' आणि 'प्रत्येकी' लावा, आणि दर आठवड्याला दोन-तीन पदं खडे-चिंचोके मांडून करून दाखवा. मराठी मुलांचाही त्यात फायदाच होतो.

अंकांचीही एक गंमत आहे. आपल्या पुस्तकात देवनागरी अंक असतात, बाहेरून आलेल्या पोराला बहुतेक वेळा इंग्रजी अंकच माहीत असतात. फळ्यावरचा ३५ त्याला वाचताच येत नाही आणि आपण म्हणतो गणित कच्चं. शिवाय कन्नडमध्ये एकवीस म्हणताना आधी वीस येतं, मग एक. मराठीत उलटं, म्हणून ऐकून लिहिताना त्रेपन्नचे पस्तीस होतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा विधानसभेपर्यंत टिंगल झाली. गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीचं ते काम. मला तेव्हा ते अनाठायी वाटलं नव्हतं, कन्नड-तेलुगू मुलांसाठी मी ते आजही वापरते.

आणि बालभारती कन्नड, हिंदी, तेलुगू, उर्दू, गुजराती माध्यमाचीही पुस्तकं काढते. ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत आहेत. चौथीचं हिंदी आणि कन्नड गणित उतरवून घ्या, तोच धडा शेजारी उघडून ठेवा. बिहारच्या मुलांना हिंदीत एकदा वाचू द्या, मग मराठीत. पण आधी तपासा की त्याला हिंदी तरी वाचता येतं का. भोजपुरी किंवा मैथिली बोलणारं, कुठलीच लिपी धड न येणारं मूल असेल तर बाराखडीपासून रोज अर्धा तास द्यावा लागेल, त्याला पर्याय नाही.

केरळात एर्नाकुलम जिल्ह्याने २०१७ मध्ये 'रोशनी' नावाचा उपक्रम सुरू केला. मुलांची भाषा येणारे स्वयंसेवक शाळेत नेमले आणि सकाळचा नाश्ता ठेवला. नाश्त्याची कल्पना मला फार पटते. पहिल्या पाळीला आईबाप दोघं गेले की मूल खिचडीपर्यंत उपाशीच असतं.

'ए भैया' म्हणून चिडवतात, असंही तुम्ही लिहिलंय. मुलं ते घरातून आणतात, आणि माफ करा, कधी कधी आपल्या स्टाफरूममधूनही. तिथे आधी बंद करा. वर्गात हजेरीला पूर्ण नाव घ्या, आडनावासकट, उच्चार आईला विचारून.

पालकांना मराठीत चिठ्ठी पाठवून उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर हिंदीत बोलून निरोप टाका, मोडकं हिंदी चालतं. सभा रविवारी ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यात एक जण वस्तीतला घ्या.

छठ किंवा होळीला गावी गेले की महिनाभर येणार नाहीत, हे धरून चाला. लगेच नाव काढू नका. जाण्याआधी मुकादमाचा नाही, आईचा नंबर घ्या. कायमचेच निघाले तर मागण्याची वाट न पाहता दाखला आणि प्रगतिपुस्तक त्यांच्या हातात द्या, आणि पेन नंबर दाखल्याच्या मागे मोठ्या अक्षरात लिहा.