फायबर चॅनल स्विच पहिल्यांदा हाताळताना

ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये सोमवारपासून रुजू होतोयस, म्हणून आधीच सांगतो. स्टोरेजच्या स्विचला, म्हणजे सर्व्हर आणि डिस्क जोडणाऱ्या या फायबर चॅनल स्विचला, साधा नेटवर्क स्विच समजू नकोस. नेटवर्कवर पॅकेट हरवलं तर ते पुन्हा पाठवलं जातं. इथे डिस्क दिसेनाशी झाली की डेटाबेसच बसतो. म्हणून दोन वेगळी फॅब्रिक (स्विचची जाळी) असतात, सर्व्हरचा एक पोर्ट 'ए'ला, दुसरा 'बी'ला. ती एकमेकांना जोडायची नाहीत आणि दोन्हीत एकाच रात्री बदलही करायचे नाहीत.

रॅकमध्ये चढवण्याआधी पंख्यांची दिशा बघ, नाहीतर स्विच मागची गरम हवाच ओढत बसेल.

महापेला एकदा माझी अख्खी रात्र गेली. एका पोर्टवर सीआरसी एरर (डेटा बिघडून पोचल्याच्या नोंदी) वाढतच होते. एसएफपी (पोर्टमध्ये बसणारा प्रकाशाचा मॉड्यूल) बदलला, पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी केबल) बदलली, काही फरक नाही. पहाटे पॅच पॅनलमधलं (केबल जिथे एकत्र येतात त्या पट्टीतलं) एलसी कनेक्टर, म्हणजे फायबरचं टोक, काढून स्कोपखाली (सूक्ष्मदर्शकाखाली) धरलं तर टोकावर धुळीचा एक कण! मल्टिमोड फायबरचा गाभा अवघा 50 मायक्रॉनचा, तो कण अर्धा प्रकाश अडवत होता. तेव्हापासून टोपण काढलं की आधी क्लीनर, मगच पोर्ट. केबल कोरी करकरीत असली तरी.

झोनिंगमध्ये, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसेल हे ठरवताना, एका झोनला सर्व्हरचा एकच पोर्ट ठेव. डब्ल्यूडब्ल्यूपीएनचे (पोर्टच्या ओळख क्रमांकाचे) 16 अंक कॉपीच कर, हाताने टाकू नकोस. आणि बदलाआधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घे.

पहिला झोन लावशील त्या रात्री मला फोन कर, कितीही वाजले तरी.